पॉलिश केलं तरी गाडीवर जाळी परत येते : सोलापूरच्या फुफाट्यात रंग कसा टिकवायचा

तक्रार ठरलेली असते. गाडी काळी, गडद निळी किंवा मरून, वय चार-पाच वर्षं. पॉलिश करून आणली त्या दिवशी आरशासारखी दिसत होती. दोन महिन्यांनी उन्हात उभी केली तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. मग पुन्हा पॉलिश आणि पुन्हा जाळी. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही हेच होतं, फक्त तिथे ते डोळ्यांना चटकन दिसत नाही. रंग निस्तेज वाटतो आणि मालक उन्हाला दोष देऊन गप्प बसतो.

खरं कारण असं की धूळ नुसती बसून राहिली तर रंगाला फारसं काही करत नाही. नुकसान होतं ते ती पुसताना. सोलापुरात धूळ रोज बसते, म्हणून रोज पुसली जाते, आणि रोज थोडी थोडी जाळी विणली जाते. पॉलिश हा यावरचा उपाय नाही. पुसण्याची पद्धत तीच ठेवून केलेलं पॉलिश म्हणजे रंगाचं आयुष्य कमी करणं आहे, आणि ते का, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाच्या केसाहूनही पातळ. चमक याच थराची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात. लोकरी पॅड लावून, रोटरी मशीनने जोरात केलेलं एक बफिंग यातले तीन-चार मायक्रॉन सहज खातं. दर सहा महिन्यांनी बफिंग करत राहिलात, तर काही वर्षांत छप्पर आणि बॉनेट आधी पांढरट पडतं, मग पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर कोणतंही पॉलिश, कोणतंही कोटिंग काम करत नाही. तो पत्रा पुन्हा रंगवावाच लागतो.

आधी हे तपासा : ओरखडे परत आले, की गेलेच नव्हते?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोघांचा उपाय वेगळा आहे. पुष्कळ ठिकाणी पॉलिशच्या नावाखाली ओरखड्यांत तेलकट भराव भरतात. भराव असेपर्यंत ओरखडा दिसत नाही. चार-पाच धुण्यांत, किंवा मेच्या उन्हात, तो भराव निघून जातो आणि जुनेच ओरखडे पुन्हा वर येतात.

चाचणी सोपी आहे. ५०० मिलि आरओच्या पाण्यात १०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा. पॉलिश करून आलेल्या गाडीच्या बॉनेटचा हातभर तुकडा स्वच्छ धुऊन कोरडा करा, त्यावर हे मिश्रण फवारा आणि अर्ध्या मिनिटाने स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच टिपून घ्या. दोनदा करा. मग अंधारात मोबाईलची बॅटरी एक फुटावरून तिरकी धरून पाहा. बॅटरीच्या प्रकाशाभोवती गोल गोल रेघा दिसल्या तर ओरखडे फक्त झाकलेले होते. पृष्ठभाग साफ दिसला आणि जाळी महिन्या-दोन महिन्यांनी आली, तर काम चांगलं झालं होतं आणि जाळी तुमच्या घरी, तुमच्या पार्किंगमध्ये तयार होते आहे. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर मात्र ही चाचणी करू नका. गॅरेजमध्ये मारलेला रंग पूर्ण मुरायला दोन महिने तरी लागतात.

आता त्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो खोल, कदाचित क्लिअर कोटच्या आरपार गेलेला आहे, तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही. जाळीच्या रेघांत नख कधीच अडकत नाही.

जाळी नेमकी कशी पडते

सकाळी सहाला बॉनेटकडे तिरक्या नजरेने पाहिलं तर करड्या पिठासारखा एकसारखा थर दिसतो. त्यातला बराच भाग काळ्या मातीचा, अगदी मऊ. पण त्यात रस्त्याच्या मुरमाचा चुरा असतो, खडी क्रशरची भुकटी असते आणि बांधकामाच्या वाळूतली गारगोटी असते. गारगोटीची कठीणता मोह्झच्या १ ते १० च्या मापावर ७. आपल्या काळ्या दगडातली खनिजं ५ ते ६.५ च्या घरात. साधं चाकूचं पातं ५.५ च्या आसपास येतं. क्लिअर कोट तर शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच.

अशा थरावरून अर्ध्या बादलीत बुडवलेलं फडकं फिरतं. पहिल्या हातालाच सगळे कण फडक्यात रुततात आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात तेच कण रंगावरून ओढले जातात. फडकं पुन्हा त्याच बादलीत, त्याच गढूळ पाण्यात. सोसायटीत एकाच बादलीवर पाच-सहा गाड्या होतात, म्हणजे तुमच्या गाडीवर शेजारच्या गाडीचीही खडी फिरते. पुसणाऱ्या माणसाचा यात दोष नाही, त्याला तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. त्याला सरळ सांगा, "मामा, उद्यापासून फक्त काचा आणि पायपुसण्या करा, बॉडीला फडकं लावू नका. पैसे तेवढेच." वर्षभरातला सगळ्यात मोठा फरक या एका वाक्याने पडतो.

लांब दोऱ्यांचं मेण लावलेलं डस्टरही याच कारणासाठी नको. धूळ अगदी विरळ असते तिथे ते चालत असेल. विजापूर रोडला किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीवर ते कानशीसारखं काम करतं.

आणि बॉडी कव्हर. धुळीवर उपाय म्हणून घेतात, आणि होतं आगीतून फुफाट्यात. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि दुपारचा वारा सुटला की ते कापड तासन्‌तास तीच धूळ घासत राहतं. आरशांच्या कडा, दारांचे मधले उंचवटे आणि छपराचे कोपरे यांवर धुरकट पट्टे दिसत असतील तर कारण बहुधा कव्हरच. कव्हर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर आणि वारा लागत नाही अशा बंद जागेत घालावं. उघड्यावर उभी राहणारी गाडी कव्हराविना बरी. वर पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची शेड जमली तर सगळ्यात उत्तम.

कमी पाण्यात, ओरखडा न पाडता धुणं

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात शंभर-दीडशे लिटर पाणी गाडीवर ओतणं पटत नाही आणि ते करूही नये. इथे रिन्सलेस वॉश, म्हणजे शेवटी पाणी ओतून खळबळायची गरज नसलेली पद्धत योग्य. बारा-तेरा लिटरमध्ये मध्यम आकाराची गाडी होते. यातलं द्रावण धुळीच्या कणाभोवती बुळबुळीत आवरण तयार करतं, त्यामुळे कण रंगावर घासण्याऐवजी घसरत फडक्यात जातो. शॅम्पूसारखा फेस येत नाही, म्हणून अनेकांना विश्वास बसत नाही. फेसाचा इथे संबंध नाही.

वेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवे लागल्यावर. आधी हाताची मागची बाजू बॉनेटवर पाच सेकंद टेकवा. चटका बसला तर थांबा. ४२-४३ अंशांच्या दुपारी काळा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो आणि द्रावण वाळून डाग पडतात.

पहिलं काम ब्लोअरचं. विद्युत दुकानात मिळणारा साधा ५०० ते ६०० वॉटचा हवेचा ब्लोअर घ्या आणि फूटभर अंतरावरून छप्पर, बॉनेट, काचांच्या खाचा, वायपरखालचा भाग उडवून घ्या. सुटी धूळ स्पर्श न होता जाते. नाकावर मास्क बांधा आणि शेजारच्याच्या गाडीवर उडवू नका.

मग १० लिटरच्या बादलीत बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात द्रावण करा. बहुतेक रिन्सलेस वॉश एकास २५६ या प्रमाणाचे असतात, म्हणजे १० लिटरला सुमारे ४० मिलि. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट चिकट, पुसट थर राहतो. याच प्रमाणात २ लिटरचा हाताने हवा भरायचा स्प्रे पंप भरा, त्यात ८ मिलि पुरतात. बादलीत आठ ते दहा मायक्रोफायबर फडकी बुडवून ठेवा. ३०० ते ४०० जीएसएमची (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), शक्यतो कडेला शिवण नसलेली.

एक-एक भाग घ्या. छपरावर पंपाने भरपूर फवारा आणि तीन-चार मिनिटं भिजू द्या. वाळत आलं तर पुन्हा फवारा. बादलीतलं एक फडकं काढून हलकं पिळा, चौपट घडी करा. घडीच्या एकूण आठ बाजू मिळतात. एका बाजूने सरळ रेषेत, एकाच दिशेने, फडक्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने एक हात ओढा. बाजू बदला. पुन्हा एक हात. आठही बाजू मळल्या की फडकं वेगळ्या टबात टाका. मळलेलं फडकं बादलीत परत घालायचं नाही, ही या पद्धतीतली एकमेव कडक अट आहे. इथेच लोक चुकतात आणि मग पद्धतीला नावं ठेवतात. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि पुढच्या भागाकडे जा. छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग आणि शेवटी खालचा. चाकांना वेगळं फडकं, वेगळा मग. ब्रेकची काळी पूड रंगावर कधीही येता कामा नये.

फडकी वापरून झाल्यावर द्रव डिटर्जंटमध्ये वेगळी धुवा. कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याने तंतू बुजतात. आणि गच्चीवर वाळत घालू नका. सोलापूरच्या गच्चीवर ओलं मायक्रोफायबर तासाभरात धूळ पकडून घेतं आणि ती पुढच्या धुण्यात थेट रंगावर जाते. घरात, पंख्याखाली वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

इथे टेरी टॉवेलचा मोह प्रत्येकाला होतो. आपल्या गावचा टॉवेल पाणी पिण्यात कमी नाही, पण सुती वेढ्यांत अडकलेला कण सुटत नाही, बोअरच्या पाण्याने तो लवकर कडक होतो आणि काठाची शिवण ओरखडते. दारांच्या आतल्या कडा, डिकीचं पन्हळ, टायर यांना तो उत्तम. रंगाला नको.

कपडे धुण्याची पावडर बादलीत टाकणं तर पूर्ण बंद करा. तिचा अल्कलीपणा रंगावरचं मेण पहिल्याच धुण्यात उतरवतो, काळं प्लास्टिक पांढरट करतो आणि न विरघळलेले कण घासतात. रॉकेलच्या बोळ्याने येणारी चमक ही तेलकटपणाची असते. तासाभरात त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि दारांचे रबर फुगतात.

ही पद्धत चिखलावर चालत नाही. जून किंवा सप्टेंबरच्या पावसात शेताच्या वाटेवरून आलेल्या गाडीला काळ्या मातीचे पोपडे धरलेले असतात. ही माती पाणी पिऊन हळूहळू फुगते, एकदम सुटत नाही. काठीने किंवा नखाने खरवडलंत तर आतला कंकर रंगात रेघ मारतो. पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा, मग प्रेशर वॉशरने दीड-दोन फुटांवरून वरून खाली सोडा. चाकांच्या कमानीच्या आत सगळ्यात जास्त माती अडकते. ती तशीच राहिली तर ओल धरते आणि पत्रा आतून गंजतो. माती निघाल्यावरच दोन बादल्यांनी, पीएच न्यूट्रल शॅम्पूने धुवा : एका बादलीत शॅम्पू, दुसरीत फक्त धुण्याचा हातमोजा खळबळायला साधं पाणी.

पांढरे ठिपके

ओरखड्यांखालोखाल हीच तक्रार. जुळे सोलापूरपासून शेळगीपर्यंत ज्या सोसायट्या बोअरवर चालतात तिथे पाण्यातला चुना आणि क्षार उन्हात वाळून गोल कडेचे ठिपके सोडतात. टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने, पाणी मोजा. २०० च्या वर आकडा आला तर शेवटचं पाणी म्हणून ते वापरायचं नाही. वापरलंच तर एक थेंबही आपोआप वाळू द्यायचा नाही.

एक चूक फार मोठ्या संख्येने होते : आरओ मशीनचं टाकाऊ पाणी साठवून गाडी धुणं. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मशीनने गाळलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. मूळ पाण्याहूनही ते वाईट. त्याने फरशी धुवा, चाकं धुवा. गाडीच्या शेवटच्या हाताला आरओचं शुद्ध पाणी दोन लिटर पुरतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही जवळजवळ क्षारविरहित असतं, फडक्यातून गाळून ते वापरता येतं.

ठिपके ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात घ्या. गार पत्र्यावर, सावलीत, ओला केलेला टिश्यू डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, उचला, लगेच भरपूर पाण्याने धुवा. क्षार विरघळतो. त्यानंतर त्या जागेचं मेणही गेलेलं असतं, ते पुन्हा लावा. व्हिनेगरनेही कडा राहिली तर क्षाराने रंगात खड्डा केला आहे. तो पॉलिशचा विषय.

होटगीच्या बाजूला सिमेंटची भुकटी आणि गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात चिमणीची काजळी बसते. सिमेंटवर दव पडलं की ते रंगावर धरतं आणि हाताला खरखर लागते. कोरडं घासू नका, व्हिनेगरचाच उपाय करा. स्टेशनच्या आसपास रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले तर गंज तुमच्या पत्र्याचा नाही, रुळांवरून आणि ब्रेकमधून उडालेल्या लोखंडाच्या कणांचा आहे. आयर्न रिमूव्हर फवारल्यावर ते जांभळे होऊन ओघळतात. तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत धुऊन टाका.

पक्ष्यांची विष्ठा मात्र संध्याकाळवर ढकलू नका. तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट मऊ पडतो, गार होताना आकसतो, आणि वर वाळलेल्या थराचा ठसा कायमचा उमटतो. मेमध्ये एक दुपार पुरते. गाडीत पाण्याची छोटी स्प्रे बाटली आणि टिश्यू ठेवा, भिजवलेला टिश्यू पाच-दहा मिनिटं वर ठेवून उचला, पुसू नका. कडुनिंबाखालच्या गाडीवर चैत्रात पडणारा चिकट मोहोरही असाच भिजवून काढायचा.

एकदाच, नीट पॉलिश

धुण्याची सवय महिनाभर बदलल्यावरच पॉलिशला हात घाला. प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा, खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. तो ३०-४० ग्रॅमचा तुकडा करून, भरपूर द्रावण फवारून, न दाबता फिरवा. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरू नका, त्याला चिकटलेला कण पूर्ण बॉनेट खराब करतो.

मशीन ड्युअल ॲक्शनचंच, म्हणजे पॅड फिरताना डोलणारं, रोटरीसारखं एकाच जागी गरगरणारं नाही, आणि तेही फोम पॅडवर. आधी दीड फूट चौरस जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिशने करून पाहा, तेवढ्याने जाळी गेली तर तीव्र कंपाउंड उघडूच नका. गॅरेजला काम देणार असाल तर पेंट थिकनेस गेजचे (रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आधी आणि नंतर लिहून मागा. ८० मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर तिथे मशीन लावू देऊ नका. कडा आणि उंचवटे यांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे टेप लावायला सांगा. प्रत्येक रेघ काढण्याचा हट्ट नको. ऐंशी टक्के जाळी गेली की थांबावं.

वर काय लावायचं

कार्नोबा मेण इथल्या उन्हाळ्यात दीड-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम थर, चार-पाच महिने टिकतो आणि त्यावर धूळ कमी चिकटते, म्हणून सोलापुरासाठी तोच सरस. फेब्रुवारीअखेर एकदा, पावसाच्या तोंडावर एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा असं वर्षाचं गणित बसतं. लावताना पातळ लावा, जाड थर धूळ धरतो.

सिरॅमिक कोटिंगबद्दल गैरसमज मोठा आहे. त्याच्या जाहिरातीतला ९एच हा आकडा पेन्सिलच्या कठीणतेच्या मापाचा आहे, खनिजांच्या नाही. थर एक-दोन मायक्रॉनचा. धूळ सहज सुटते, धुणं सोपं होतं, रसायनांपासून बचाव होतो, आणि यासाठी ते घेण्यासारखं आहे. पण कोरड्या फडक्याखालच्या गारगोटीला ते अडवत नाही. "कोटिंग आहे, आता काही होत नाही" म्हणून रोज पुसलेल्या गाड्यांवर तीच जाळी कोटिंगवर पडते. ओरखडा आणि खडी दोन्ही झेलते ती पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), रंगावर चिकटवायची १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. पूर्ण गाडीला लावण्याइतका खर्च नसेल करायचा तर पुढचा बंपर, बॉनेटची पुढची पट्टी, आरसे आणि दारांच्या मुठीमागचे खळगे एवढं करा. पुणे आणि हैदराबाद महामार्गावर ट्रकमागे उडणारी खडी तिथेच लागते.

खंडेनवमी-दसऱ्याला बॉनेटवर कुंकू-हळद लागतेच. पूजा करावी, पण स्वस्तिक पुढच्या काचेवर काढा, किंवा बॉनेटवर काढायचं तर आदल्या दिवशी सीलंट लावून. झेंडूच्या हाराला तार असेल तर ती काढून दोऱ्यात ओवून घ्या. तारेचं टोक वाऱ्याने रात्रभर एकाच जागी घासतं आणि तो ओरखडा नखात अडकणारा असतो. कुंकू दुसऱ्या दिवशी सकाळी फवारून, टिपून उचला. वाळलेलं कुंकू घासून काढलं तर लाल ओघळ पांढऱ्या रंगात आणि दारांच्या रबरात मुरतात.